गंभीररावांचा उजवा पाय

एका जंगलात नमस्कार मोठ्याने करण्याची रीत होती. मुलांनो, ही रीत आधी नीट समजून घ्या. मग गोष्ट समजेल.

वडीलधारा दिसला की लहानाने त्याच्या पुढच्या उजव्या पायावर कपाळ टेकायचे. टेकायचे म्हणजे आपटायचे. आवाज आला नाही तर नमस्कार पोचला नाही, असे तिथे मानत. ज्याचा आवाज मोठा, त्याची श्रद्धा मोठी. सशाच्या श्रद्धेला त्यामुळे किंमत नव्हती. गव्याच्या श्रद्धेला होती.

या जंगलात गंभीरराव नावाचे वृद्ध हत्ती राहत. तरुणपणी एका वणव्यात त्यांनी झाडे मोडून वाट केली होती आणि सर्वांना बाहेर काढले होते. तेव्हापासून रोज सकाळी त्यांच्यापुढे रांग लागे. गंभीरराव डोळे मिटून उजवा पाय पुढे करीत.

उतारवयात तो पाय दुखू लागला. आधी थोडा, मग फार.

दुखणे साधे नव्हते. दर उन्हाळ्यात त्या जंगलातले पाणी आटे. त्याआधी हत्तींचा कळप डोंगरापलीकडच्या तळ्याकडे जाई. वाट लांब आणि चढाची होती. जो चालू शकत नाही तो मागे राही, आणि जो मागे राही तो कळप परतेपर्यंत उरत नसे.

पळस फुलला होता. कळप निघायला फार अवकाश नव्हता.

वानरवैद्यांना बोलावणे गेले. ते आले. रीतीप्रमाणे त्यांनी फांदीवरून उडी घेतली आणि गंभीररावांच्या पायावर कपाळ आपटले. गंभीरराव कळवळले.

"कधी दुखतं, आबासाहेब?"

"आत्ता फार दुखलं."

"मी आलो आणि दुखणं वर आलं. चांगली खूण आहे. वात आहे हा. वय झालं की धरतोच."

त्यांनी झाडपाल्याचा जाड लेप दिला. लेपाने बरे वाटले. परंतु लेपावर नमस्काराचा आवाज बसका येऊ लागला. रांगेत कुरकूर सुरू झाली. तेव्हा सकाळच्या वेळी लेप काढून ठेवावा, असे सर्वानुमते ठरले.

मग साळिंदरबुवा आले. नसांच्या विद्येत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ते मान खाली घालून, पाठ फुगवून पायाशी लीन झाले. उठले तेव्हा त्यांचे काही काटे पायातच राहिले होते. बुवांनी पाय निरखून पाहिला.

"या पायात काटे आहेत," ते गंभीरपणे म्हणाले. "वानराला एवढंही दिसलं नाही?"

त्यांनी काटे उपटले. जंगलात त्यांचे नाव झाले. निघताना त्यांनी पुन्हा नमस्कार केला.

दुखणे वाढले. तेव्हा थोरल्या गव्याने सभा बोलावली.

"औषधं झाली," गवा म्हणाला. "आता श्रद्धेचा आधार घेऊ. आबासाहेबांचा पाय बरा व्हावा म्हणून प्रत्येकाने सकाळ-संध्याकाळ त्या पायावर नमस्कार करावा. मनापासून."

सर्वांचे डोळे पाणावले. गंभीररावांचेही. त्यांच्या पाण्याचे कारण वेगळे होते.

गंभीररावांना सगुणाआक्का नावाची थोरली बहीण होती. वयाने मोठी असल्यामुळे तिने धाकट्या भावाला नमस्कार करायचा प्रश्न नव्हता. आणि हत्तिणीपुढे रांग लावण्याची तिथे रीत नव्हती. तिचे चारही पाय धड होते. ती संध्याकाळी भावाशेजारी येऊन उभी राहिली.

"गंभीर, तुझा डावा पाय दुखतो?"

"नाही."

"मागचे?"

"नाही."

"मग उजव्या पायात असं काय आहे, जे बाकीच्यांत नाही?"

गंभीररावांनी विचार केला. "पुण्य," ते म्हणाले.

"तेच दुखतंय. कळप निघेपर्यंत डोहात उभा राहा. पाय कुणाच्या हाती लागू देऊ नकोस."

"तुझ्या पाया कुणी पडत नाही, आक्का. म्हणून तुला असलं सुचतं."

"पडत नाहीत म्हणूनच मी तळ्यापर्यंत पोचते."

पुढच्या कळेनेच गंभीररावांना शहाणपण सुचले. ते डोहात जाऊन उभे राहिले. पाणी गुडघ्यांच्या वर होते. रांग काठावर खोळंबली. थोड्याच दिवसांत सूज उतरली. एका सकाळी पाय टेकला आणि कळ आली नाही. गंभीररावांनी सोंड उंचावून देवाचे आभार मानले.

शहाण्यांची गोष्ट इथे संपते, मुलांनो. आपली पुढे जाते.

नमस्कार करण्याची सवय लागलेल्याला पाय लागतो. कोणाचा, हा प्रश्न नंतरचा. काठावर भीमा नावाचा तरणा हत्ती चरत होता. गव्याने त्याच्याकडे पाहिले, थोडा विचार केला आणि त्याच्या उजव्या पायावर कपाळ आपटले. आवाज चांगला आला. रांग तिकडे वळली.

डोहात गंभीररावांचे कान टवकारले.

"ऐकलंस, आक्का? पोकळ आवाज येतोय. त्या पोराने केलंय तरी काय?"

"मोठा झालाय. तेवढं पुरतं त्यांना."

"वणव्यात मी पुढे झालो होतो."

"झाला होतास. देवाने पाहिलंय ते. त्याला आवाज लागत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी गंभीरराव डोहातून बाहेर आले, काठावर उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटून उजवा पाय पुढे केला.

जंगलाला आनंद झाला. इतक्या दिवसांचे राहून गेलेले नमस्कार सर्वांनी त्या एका सकाळी पुरे केले.

कळप निघाला तेव्हा सगुणाआक्का भावाजवळ आली.

"चल."

गंभीररावांनी पाय उचलला, टेकला आणि ते खाली बसले.

"दुखण्याचं कारण कळलं असतं, तर आलो असतो," ते म्हणाले.

"कळलंय तुला."

"तसं नव्हे. पलीकडच्या रानात एक अस्वल आहे म्हणे. त्याचा गुण येतो. त्याला एकदा दाखवतो."

सगुणाआक्काने त्यांच्या पाठीवरची धूळ सोंडेने झाडली आणि ती कळपामागून गेली.

अस्वल आले. त्यानेही आधी नमस्कार केला.

पुढे डोह आटला. उरलेली जनावरे एकेक करून पाण्याच्या शोधात निघाली. जाताना प्रत्येकाने गंभीररावांच्या उजव्या पायावर शेवटचा नमस्कार केला. श्रद्धेत अखेरपर्यंत कोणी कसूर केली नाही.

पावसानंतर सारे परतले तेव्हा गंभीरराव नव्हते. गव्याच्या पुढाकाराने त्या जागी एक दगडी पाय उभारण्यात आला. उजवा. त्याच्यावर नमस्काराचा आवाज फार सुरेख येतो, आणि तो कधी दुखत नाही. असा वडीलधारा आम्हांला आधी का मिळाला नाही, असे सारे म्हणतात.

सगुणाआक्का एकदा तिथे गेली. तिने दगडावर पडलेला पाला सोंडेने हलकेच बाजूला केला. आवाज आला नाही. त्यामुळे त्या जंगलाच्या हिशेबी तिने काहीच केले नाही.

तात्पर्य: दुखण्याचे कारण चिकाटीने शोधावे. ते सापडले आणि आपल्या आवडीचे निघाले, तर घाबरू नये; दुसरा वैद्य पाहावा.