जबाबदार पोट

गोवा घटक राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी पेडण्यातल्या एका सरकारी कचेरीत आम्लपित्ताची लक्षणीय वाढ झाली. कारण उघड होतं. प्रमुख नारायण सायबांना अल्सर होता. ‘कामाचा ताण पोटावर येतो,’ असं ते सांगत, आणि ज्याच्या पोटावर तो दिसत नसे त्याला कामचुकार समजत. महिनाभरात सगळी कचेरी छाती चोळू लागली.

अपवाद विनोदिनीचा. ही टंकलेखिका दुपारी माशाचं हुमण आणि भात पोटभर जेवायची आणि जळजळ नाही म्हणून खुशाल सांगायची. तिला लेखी विचारणा झाली : आपलं पोट शांत असण्याचं कारण कळवावं. तिने कळवलं, ‘भूक लागली की जेवते.’ खुलासा असमाधानकारक ठरला.

डिचोलीहून येणारा कारकून कृष्णनाथ गुडघेदुखीवर रोज सकाळी उपाशीपोटी दुकानातल्या गोळ्या गिळायचा. एका सोमवारी तो सायबांसमोर उभा राहिला.

"सायब, दोन दिस शौचाक डांबरासारखां काळां होता. घेरी येता."

"छान!" सायब कौतुकाने म्हणाले. मग जरा नाराज झाले. "पण घेरी मलाही येत नाही. वरिष्ठांच्या पुढे जाऊ नये."

कृष्णनाथ अदबीने खाली बसला आणि बसता बसता रक्त ओकला.

दोघातिघांनी सवयीने आपापली छाती चोळली. विनोदिनी तेवढी धावली.

"कृष्णनाथबाबांच्या पोटातसून रगत जाता! सायब, जीप काडा!"

"जीप फक्त सरकारी कामासाठी..."

"मगे हो माणूस कोणाचो? सरकारचोच न्हय?"

या मुद्द्यावर नियम सापडेना, म्हणून जीप निघाली. विनोदिनी वाटभर कृष्णनाथचा हात धरून बसली होती. तो घाबरून एकच विचारत होता, "वाचतलंय मां?"

मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी तोंडातून नळी घालून जठरातली जखम शोधली, रक्त थांबवलं.

"कामाचा ताण ना?" सायबांनी आशेने विचारलं.

"गोळ्या," डॉक्टर म्हणाले. "उपाशीपोटी घेतलेल्या."

सायबांचा चेहरा पडला.

कृष्णनाथ खडखडीत बरा होऊन परतला. गोळ्या सुटल्या, विनोदिनीसोबत तो वेळेवर जेवू लागला, दोघं हसूही लागली. त्या वर्षी बढती दोघांनाही मिळाली नाही. कारण : प्रकृती समाधानकारक.

आपण हसलात, बरं केलंत. मात्र जेवणाचा डबा बाजूला सारून हे वाचत असाल, तर अभिनंदन. आपली बढती जवळ आली आहे.