पणजोबांचं टिंब

एका जंगलात उन्हाळा जरा लवकर आला आणि त्याच सुमारास राजा सिंहाला एक कल्पनाही आली. दोन्हींत कल्पना जास्त तापदायक होती.

"तळ्यात पाणी थोडं उरलंय," राजा म्हणाला. "ज्यांचे पूर्वज माझ्या गुहेत मानकरी होते, ते आधी पितील. बाकीच्यांनी मागे उभं राहावं. पुरावा कागदाचाच हवा."

मुलांनो, तहान लागली की पाणी द्यावं, असं तुम्हाला वाटलं ना? म्हणून तर तुम्ही राजे नाही.

रंगोजी कोल्ह्याची तीन पिल्लं रांगेत शेवटी असत. त्यांची पाळी येईपर्यंत पाण्याचा गाळ झालेला असे.

"अहो, दफ्तरखान्यात जाऊन बघू या," त्याची बायको चिमाबाई म्हणाली. "तुमचे पणजोबा गुहेत होते म्हणता ना?"

"होते म्हणजे? त्यांच्यावाचून राजाचं पान हलत नसे!"

हे रंगोजीला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. त्यानेच लग्न ठरताना सासऱ्यांना सांगितलं होतं.

दफ्तरखान्यात साळिंदरकाका कारकून होते. लिहायला टाक लागला की पाठीवरचा एक उपटत. तीन वेळा 'उद्या या' म्हणून झाल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी रुमाल सोडला. नाक पुसायचा नव्हे, मुलांनो. जुने कागद ज्या लाल फडक्यात बांधून ठेवतात, त्याला तिथे रुमाल म्हणतात. चिमाबाईला सात शिंका आल्या.

"सापडले हो पणजोबा!" काका म्हणाले.

कागद मोडीत होता. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. ओळ अशी होती:

हाकोल्हाराजगुहेतखासदारझाडीतअसे

काकांनी चष्मा पुसला आणि वाचलं, "हा कोल्हा राजगुहेत खास दार झाडीत असे. म्हणजे राजाच्या खास दारापुढे रोज झाडायचे. चांगलं काम."

रंगोजीची शेपटी खाली गेली. मग हळूच वर आली.

"काका, 'खास' म्हटल्यावर तुम्ही श्वास का घेतलात?"

"वय झालं."

"तो श्वास कागदावर आहे का?"

"नाही."

"मग न घेता वाचा! हा कोल्हा राजगुहेत खासदार. झाडीत असे. म्हणजे राहायला झाडीत. आम्ही अजून तिथेच राहतो."

"रंगोजीराव, तेव्हा खासदार नव्हते."

"बघा, किती पुढचा विचार होता पणजोबांचा!"

काका नको नको म्हणेपर्यंत रंगोजीने त्यांच्या पाठीवरचा टाक ओढला आणि मूळ कागदावर 'खासदार'पुढे ठसठशीत टिंब दिलं. कागदावर आलं म्हणजे काकांच्या लेखी ते खरंच झालं. त्यांनी प्रत काढली आणि शिक्का मारला: 'खरी नक्कल'. हे शब्द मी रचलेले नाहीत, मुलांनो. ते सरकारीच आहेत.

दुसऱ्या दिवशी पिल्लं रांगेत पहिली होती. पोटभर प्यायली.

मग बातमी फुटली. आठवड्याभरात डुक्कर सेनापतीचा पणतू निघाला आणि घूस राजवैद्याची पणती. रांगेला शेवटच उरला नाही. सगळेच पहिले. सगळे एकदम तळ्यात उतरले आणि तळ्याचा चिखल झाला.

तेव्हा राजाने दुसरी दवंडी पिटली. "गुहेच्या आत एक झरा आहे. पण खास दारासमोर इतका पालापाचोळा साठलाय की मलाच आत जाता येत नाही. ज्याच्या घराण्यात ते दार झाडायचं काम होतं, त्याने यावं. झऱ्याचं पाणी त्याच्या पोराबाळांचं."

रंगोजी खराटा घेऊन धावला.

"छे छे, खासदारसाहेब!" राजाने हात जोडले. "हे तुम्हाला शोभतं का?"

रंगोजी तसाच दफ्तरखान्यात गेला. "काका, तो श्वास घ्या हो! चांगला मोठा घ्या!"

"कसा घेऊ? मध्ये टिंब आहे."

"खोडा ना!"

"मूळ दफ्तरातलं टिंब? मी कोण खोडणारा?" काकांनी कुलूप लावलं. "आणि मला आता वेळ नाही. दार झाडायला राजाने मला ठेवलंय. घराण्याचा कागद वाळवीने खाल्ला म्हटलं, तर म्हणाले, राहू दे, तुमच्या पाठीवर खराटा दिसतोच आहे."

घरी चिमाबाईने ती खरी नक्कल पिल्लांसमोर पसरली. पिल्लांनी ती चाटून पाहिली.

"घ्या," ती नवऱ्याला म्हणाली, "पाजा आता पोरांना तुमचा खासदार."

तात्पर्य काढायलाच हवं, म्हणून सांगते: पूर्वज शोधताना घाई करू नये. पाणी कुठून येणार ते आधी पाहावं, शब्द मग तोडावा. आणि टिंब नेहमी पेन्सिलीने द्यावं.