खंडूकाकांची वचनचिठ्ठी आणि माझे पाच साक्षीदार

मी कायद्याला अजिबात घाबरत नाही! निदान खंडूकाकांच्या वकिलाची नोटीस येईपर्यंत तरी घाबरत नव्हतो.

खंडूकाका म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे काका. जुनी, बंद पडलेली रिक्षा घ्यायला मी त्यांच्याकडून साठ हजार घेतले आणि वचनचिठ्ठीवर सही केली : 'मागणी करताच परत करीन.' आता त्यांनी मागणी केली होती. पंधरा दिवसांत पैसे, नाहीतर दावा! पैसे द्यायचे तर रिक्षाच विकावी लागणार, आणि रिक्षा विकून मी चालवणार काय?

"पण आमचं तोंडी ठरलं होतं!" मी माझ्या बाजूच्या रुचिरा वकिलांना सांगितलं. "रिक्षा रस्त्याला लागेपर्यंत चिठ्ठीचा अंमल नाही! आणि ती तर इंजिन उघडून गॅरेजात पडलीय."

"चिठ्ठीत लिहिलंय त्याच्या उलट तोंडी बोलणं चालत नाही," त्या म्हणाल्या. "पण अमुक गोष्ट घडेपर्यंत चिठ्ठी लागूच होणार नाही, असं वेगळं ठरलं असेल तर ते सांगता येतं. साक्षीदार आहे?"

"साक्षीदार? अख्खी वाडी आहे!"

खोटं नव्हतं. रिक्षा टोचन करून, ओढत आणली त्या दिवशी आम्ही देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं होतं. वाडीतल्या बुजुर्ग केरूआबांनी देवासमोर सगळी अट बोलून दाखवली आणि प्रत्येक वाक्याला आम्ही 'व्हय म्हाराजा!' म्हणून ओरडलो. खंडूकाकासुद्धा!

दाव्याआधी समझोत्याची बैठक ठरली. सकाळी अकराला, रत्नागिरीत. आबा आणि आणखी चार साक्षीदार घेऊन मी फाट्यावर उभा, आणि एसटीचा पत्ता नाही! साडेनऊ झाले, दहा झाले. मला दरदरून घाम फुटला. आबा निवांत तंबाखू मळत होते.

"येल रं. घाई कसली?"

शेवटी मीच पाचही जणांना कसंबसं कोंबलं आणि अकराला पाच कमी असताना पोचवलं.

"काय ठरलं होतं ते सांगा," मध्यस्थ मॅडम आबांना म्हणाल्या.

"गाऱ्हाना मधनंच सांगता येत नाय, बाय. पयल्यापासना घालाया लागंल." आबा उठले. नारळ नव्हता, म्हणून टेबलावर वकीलबाईंची पाण्याची बाटली ठेवली आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" खिडक्यांची तावदानं हादरली. शिपाई धावत आला.

"ह्यो सागर खंडूकडना पैसं घेतंय..."

"व्हय म्हाराजा!"

"त्येची रिक्षा रस्त्याला लागत नाय, तवर चिठ्ठीचा अंमल नाय..."

"व्हय म्हाराजा!" यात खंडूकाकाही होते! डोळे मिटून, हात जोडून! त्यांचा वकील बाही ओढत राहिला, पण उशीर झाला होता. मॅडमनी लिहून घेतलं : तोंडी अट दोघांनाही मान्य.

जिंकलो! मला टेबलावर चढून नाचावंसं वाटलं.

"पुरे आबा, बसा आता," मी म्हणालो. पण आबांचं गाऱ्हाणं अर्ध्यावर थांबतं होय?

"आनि म्हाराजा, आज एश्टी चुकली, तरी सागरची रिक्षा झकास धावली! आमा पाच जनांना टायमाला हितं घेऊन आली! तशीच ती रस्त्यावर धावती ठेव रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

मॅडमनी खिडकीतून खाली पाहिलं. गेटासमोरच, झेंडूचा हार घातलेली माझी रिक्षा उभी होती. मेस्त्रीने परवाच इंजिन बसवलं होतं आणि ती रस्त्याला लागली म्हणजे चिठ्ठीही लागू झाली, हे धावपळीत माझ्या डोक्यातच आलं नाही. रुचिरा वकिलांनी फाईल मिटली.

महिना तीन हजारांवर समझोता झाला. रिक्षा वाचली, एवढंच काय ते समाधान. परत निघताना खंडूकाका सहावे म्हणून आत शिरले.

"जावईबापू, मलाही सोडा घरी. भाडं किती?"

"तुमच्याकडून काय घ्यायचं, काका? समजून द्या काय ते."

"तोंडी नको," काकांनी खिशातलं पेन काढलं. "आधी लिहून द्या!"