यंत्राच्या पोटी यंत्र घातल्याची हकीकत

श्री. वाचणारांस विदित व्हावे की, धानोरे मुक्कामी एका कचेरीत (कोणत्या, ते लिहिता आमची बदली होईल, सबब लिहीत नाही) यंत्राच्या पोटी दुसरे यंत्र घालण्याची जी थोर मोहीम जाहली, तीत कोणी पराक्रम केला आणि कोणी नुसता चहा घेतला, ते जैसे डोळ्यांनी पाहिले तैसे येथे लिहिले आहे. हसू आल्यास खुशाल हसावे, मात्र बुधरीबाईंस हसू नये.

मोहिमेचे मूळ ऐसे की, हिरडाटोला नामे गावाने आपल्या जंगलाचा दावा सरकारात लावला होता, आणि त्याकरिता गावच्या बुधरीबाई, वय साठीपार, हाती मोजणीचे यंत्र घेऊन सात दिवस शिवेवरून पायी चालल्या, आणि दर दगडापाशी उभ्या राहून शिवेस विचारल्याखेरीज त्यांनी पाऊल पुढे टाकले नाही, आणि मग त्या चालीवरून नकाशा सिद्ध जाहला. त्या नकाशात गोटापहाडी गावाच्या शिवेत होती, आणि गोटापहाडीवर गावाच्या पेनाचे, म्हणजे देवाचे, ठाणे होते. सरकारच्या जुन्या कागदात मात्र ती शिवेबाहेर. सुनावणी चैत्र वद्य नवमीस, मंगळवारी, दुपारी चार वाजता, शेजारच्याच दालनात. नकाशा छापून हजर केला तर पहाडी गावाची, न केला तर जुना कागद खरा. ऐसा निर्वाणीचा प्रसंग.

आणि नकाशा कोठे? तर कचेरीच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या उदरात बंद.

ऐशियास वरून नवा संगणक तैनात जाहला होता आणि त्यासोबत फर्मान आले होते की, खुद्द संगणकास कोणी हात लावू नये, त्याच्या आत एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाचे सोंग घेतलेला संगणक, बसविला आहे, सर्व कारभार त्यातच करावा. आणि जुने सॉफ्टवेअर तर ऐसे हट्टी की, जुन्या जमान्याच्या संगणकाखेरीज चालणार नाही म्हणे. मग मसलत ठरली की, त्या सोंगाच्या आत आणखी एक जुने सोंग उभे करावे आणि नकाशा तेथून काढावा. ज्यांनी हे ठरविले त्यांस दोन्ही सोंगांतला फरक विचारता ते पंख्याकडे पाहत.

मोहिमेचे सरदार राजमान्य राजश्री बापूराव, मोठे बाबू, मूळ सावली गावचे, कलमबहाद्दर, मोहोरबंद लखोट्यांचे अधिपती. त्यांचे कुमकेस चंद्रपुराहून यंत्रपंडित अजयराव पाचारिले गेले. ते गळ्यात ओळखपत्र, पाठीवर पिशवी आणि चेहऱ्यावर उपकार घेऊन सकाळी अकरास दाखल जाहले. त्यांनी आतले यंत्र सुरू करिताच पडद्यावर तांबडी पाटी उमटली की, प्रोसेसरची परवानगी येथे पोहोचत नाही, बाहेरील यंत्रात ती चालू करा. पाटी स्वच्छ होती. परंतु पंडित पाटी वाचीत नसतात. अजयरावांनी निदान केले की आतले यंत्र बिघडले, आणि ते काढून नव्याने घातले. पाटी पुन्हा उमटली. मग तिसऱ्यांदा घातले, आणि मग बापूरावांनी हुकूम फर्माविला की संगणक बंद करून चालू करावा, आणि तोही केला, आणि मग चहा आला. दीड वाजता अजयरावांनी ऐसा सल्ला दिला की, दुसऱ्याच्या आत तिसरे यंत्र घालून पाहावे. आम्ही अनेक मूर्ख पाहिले, परंतु घसरलेल्या पायाने त्याच दिशेस धावणारा हा पहिलाच.

कचेरीत दिव्यानी नामे कंत्राटी ऑपरेटर होती. तिने सकाळीच, "सर, ते बाहेरच्यावर सेटिंग आहे," इतके बोलून पाहिले होते. बापूरावांचा निवाडा जाहला की, कंत्राटी माणसाने विचारल्याखेरीज बोलू नये. मग ती आपल्या कामास लागली आणि घड्याळ चालू लागले.

तीन वाजले. बुधरीबाई सकाळपासून दाराजवळच्या बाकावर लुगड्याच्या गाठोड्यासह बसल्या होत्या. त्या उठून दिव्यानीपाशी आल्या.

"काय करून राह्यले हे लोकं, बाई?"

"डब्यात डबा आहे, आजी. आतल्या डब्यात तुमचा नकाशा. त्याले उघडाले बाहेरच्या मोठ्या डब्याची परवानगी लागते."

"मंग बाहेरच्याले कोनं इचारलं?"

"कोणीच नाई."

बुधरीबाई थेट बापूरावांच्या मेजापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, आमच्यात जंगलात जाचं असन तं पयले शिवेवरच्याले इचारा लागते, मंग गावाले, मंग घराले. तुमी सकाळपासून घरातच भांडून राह्यले. काऊन?"

अजयरावांनी प्रथमच पाटी वाचली. त्यांचा चेहरा पाहून आमचे सकाळपासूनचे श्रम सार्थकी लागले.

परंतु बाहेरील यंत्राचा पासवर्ड बापूरावांच्या खणात, लाखेच्या मोहोरेखाली, लखोट्यात. मोहोर फोडणे म्हणजे फर्मानभंग. बापूराव म्हणाले, वर पत्र लिहून पुसू, आठ दिवसांत उत्तर येईल. तेव्हा बुधरीबाईंनी आवाज न चढविता सांगितले, "आठ दिवसानं पहाडी आमची नाई राहनार. आमच्या पेनाले मी काय सांगू, बाबू लखोटा फोडाले भेला म्हून?"

भेला, म्हणजे भ्याला, हा शब्द चार कारकुनांनी ऐकला, आणि बापूरावांस राज्य गेले तरी चालेल परंतु अब्रू नव्हे. त्यांनी तडक मोहोर फोडिली. मग दिव्यानीने पहिले सोंग पुरते निजविले, बाहेरील यंत्रात प्रवेश केला, परवानगीच्या चौकटीत एक खूण केली, आणि सोंग जागे केले, आणि सोंगाच्या पोटी सोंग विनातक्रार उभे राहिले, आणि त्यातून जुने सॉफ्टवेअर खोकत खोकत उठले. तीन वाजून बावन्न मिनिटांनी नकाशा छापून निघाला. कडेला शाई पसरली होती. गोटापहाडी स्पष्ट होती.

सुनावणीत नकाशा दाखल जाहला, मंजूर जाहला, पहाडी शिवेत आली.

पुढे प्रशस्तिपत्रे वाटली. एक बापूरावांस, तातडीच्या निर्णयाबद्दल. एक अजयरावांस, तांत्रिक कौशल्याबद्दल. दिव्यानीस खुलासा मागितला, बाहेरील यंत्रास हात का लावला म्हणून. बुधरीबाईंचे नाव अहवालात नाही, 'उपस्थित महिला' ऐसे आहे. वाचून आमचे पित्त खवळले, सबब हे लिहिले.

सुनावणीनंतर मात्र ऐसे घडले की, बुधरीबाई कचेरीत परतल्या आणि त्या संगणकापुढे उभ्या राहून गोंडीत दोन शब्द बोलल्या. बापूरावांनी दटावून विचारले की बाई काय म्हणाल्या. दिव्यानीने उत्तर केले, "निघतो म्हणाल्या, सर. आत येताना इचारलं, तं जातानाही सांगा लागते."

येणेप्रमाणे धानोरे मोहीम फत्ते जाहली. हाती आले ते एक पहाडी, एक पेनठाणे. खर्ची पडले ते एक मोहोर आणि एक पंडित. दरवाजा बुधरीबाईंनी उघडविला, ऐसे नमूद केले असे.