गणूभाऊजींचा हाटडाग

बाजारातून कुठलीही लांबट वस्तू घरात आली, की आमचे गणूभाऊजी आधी ती हातात घेऊन तोलायचे, मग उभी चिरायचे आणि तिच्या पोटात काय मावेल ते बघायचे. काकडी, केळं, वांगं, मुळा, काही सुटायचं नाही. एकदा माझ्या माहेराहून सांगलीहून आलेलं कोवळं पडवळ त्यांनी असंच उभं फाडलं आणि खेदानं मान हलवली.

"वैनी, ह्ये लय पोकळ हाय. ह्येला दम न्हाई."

भाजीचं पडवळ होतं, त्याला दम कशाला हवा? पण भाऊजींना विचारण्यात अर्थ नसे.

गणूभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. पलूसच्या अलीकडे नदीकाठाला आमचं गाव. घरी ऊस, गुऱ्हाळ, चार जनावरं. गावातल्या बऱ्याच घरांतलं एकेक पोरगं पलटणीत होतं, तसे आमचे भाऊजीही होते. लढाई संपली, पलटणी परतल्या. कुणी येताना जाड ब्लँकेट आणलं, कुणी बूट, कुणी मनगटावर घड्याळ. भाऊजी इटलीतून एक शब्द घेऊन आले. हाटडाग.

हा शब्द त्यांनी पहिल्याच आठवड्यात पारावर सोडला. तिथं काय झालं ते आमच्या मालकांनी घरी येऊन कपाळाला हात लावून सांगितलं. एका म्हाताऱ्यानं आपलं सहज विचारलं होतं, "गणू, तिकडं खायाला काय मिळायचं रं?"

"हाटडाग," भाऊजी म्हणाले.

"म्हंजी?"

खोटं बोलणं भाऊजींना जन्मात जमलं नाही. त्यांनी सरळ अर्थ फोडून सांगितला. "हाट म्हंजी गरम. डाग म्हंजी कुत्रं."

पारावर कुणी तंबाखू मळत होतं, त्याचा हात थांबला.

"कुत्रं खाल्लंस व्हय रं, गड्या?"

"न्हाई वं! नाव हाय तसं. लांबडा पाव असतोय, त्यो उभा चिरायचा आन् मांसाची नळी आत घालायची. त्यात कुत्रं नसतंय."

"मग काय असतंय?"

इथं भाऊजी ताडकन उठले, कवायत संपल्यावर म्हणतात तसं "डिसमिस," म्हणाले आणि घरी निघून आले.

झालं. दुसऱ्या दिवशी मी पाण्याला गेले तर बायकांनी आपापल्या घागरी जरा बाजूला सरकवल्या. एकीनं गोड आवाजात विचारलं, "आज तुमच्यात कंचं कुत्रं शिजतंय वं?" मी मान खाली घालून घागर भरली. निम्मी वाटेतच हिंदकळली. भाऊजी गल्लीतून निघाले की दाराआडून पोरं भुंकायची. आमचे मालक पारावर बसायचेच बंद झाले. नांगर दुरुस्त करायचा असला तरी लोहाराकडे आडवाटेनं जायचे.

त्यातच पाटलांचा मोत्या नाहीसा झाला. पाटलांचा गडी आमच्या गोठ्यामागं घुटमळताना मला दिसला. "काय पायजे?" म्हटलं तर म्हणाला, "काय न्हाई, असाच आलतो," आणि उकिरड्यावरची राख काठीनं उकरून गेला. पुढे मोत्या आपल्या पायानं परत आला. कुठल्याशा धनगराच्या मेंढरांमागं गेला होता. पण त्यामुळे आमची अब्रू काही परत आली नाही. मोत्या आमच्या तावडीतून निसटून आला असंच गावानं ठरवलं. बायका त्याला मुद्दाम भाकरी घालायच्या आणि म्हणायच्या, "वाचलास रं, लेकरा."

एवढं होऊनही भाऊजींनी हाटडाग सोडला असता तर बरं. पण नाही. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, भाऊजींना घरातली चूल बंद केली तेव्हा त्यांनी गोठ्यामागं तीन दगड मांडले. पाटा-वरवंटा द्यायलाही घरात कुणी तयार नव्हतं. त्यांनी नदीतून एक चपटा धोंडा आणला. बाजारादिवशी खाटकाकडून बकऱ्याचं मटण आणि आतडी आणायची, आतडी काडीवर उलटी करून मीठ-हळद लावून धुवायची, मटण लसूण-मिऱ्याबरोबर धोंड्यावर ठेचायचं, आणि रॉकेलच्या नव्हे, चांगल्या तेलाच्या नरसाळ्यानं आतड्यात भरायचं. दोन्ही टोकांना दोरा. मी कपडे वाळत घालायच्या निमित्तानं बघत असे. हात असा हलका चालायचा, की एखाद्या सुगरणीनं बघत राहावं.

मग शिजवण्याचे प्रयोग. कधी नुसतं उकडायचं. कधी करडईच्या तेलात तळायचं. कधी सायकलच्या तारेला टोचून बाभळीच्या निखाऱ्यावर फिरवायचं, तेल टपटप गळायचं आणि त्या वासानं शेजारची तोंडं वाकडी करणारी मंडळीही भिंतीपाशी रेंगाळायची. भाऊजींची स्वतःची आवड अशी, की आधी वाफेवर धरायचं, मग निखाऱ्यावर साल तडकेपर्यंत भाजायचं. पाव नसेल तेव्हा गरम भाकरीची गुंडाळी करायची, आत वाटलेली मोहरी लावायची. मोहरी नाकात गेली की त्यांना फार समाधान वाटे. "हां! आता कसं डोळ्यातनं पानी आलं!"

तयार झालं की ते "रेडी!" असं ओरडायचे, एकटेच. एक घास घ्यायचे. डोळे मिटून बराच वेळ चावायचे. आणि मग प्रत्येक वेळी तेच बोलायचे.

"न्हाई. त्या चवीला न्हाई आलं."

बाकीचं तसंच ताटलीत ठेवून नदीकडे निघून जायचे. ताटली घासायला मी जायची. आता लपवून काय करायचं, त्यातलं उरलेलं मी खात असे. फार सुंदर लागायचं. पण पाण्यावर ज्या गोष्टीसाठी मान खाली घालायची, तीच गोठ्याआड बोटं चाटत खायची, म्हणजे मला दोन्हीकडून लाज. मी कधी "छान झालंय" असं म्हटलं नाही.

त्यांना वाटायचं, चूक पावाची आहे. दोन दिवसांसाठी मला माहेरी घेऊन ते सांगलीला आले, तेव्हा स्टेशनवरून घरी जायच्या आधी मला डोक्यावरच्या गाठोड्यासकट एका बेकरीसमोर उभं केलं. बेकरीवाल्याला म्हणाले, "लांबडा पाव पायजे. एवढा." आणि फळीवर सांडलेल्या पिठात बोटानं चित्र काढलं.

बेकरीवाला म्हणाला, "रेशनच्या दिवसांत गोल मिळतोय त्ये नशीब समजा. लांब कशाला? बंदूक ठिवायची हाय का आत?"

भाऊजी गंभीरपणे म्हणाले, "न्हाई. मटण."

रस्त्यानं जाणारे थांबून बघायला लागले. मी पदर इतका पुढे ओढला, की समोरचं दिसेना. पण भाऊजी माघार घेईनात. शेवटी त्या माणसानं कंटाळून दोन दिवसांनी लांबडे पाव भाजून दिले. ते गावी आणले, सगळा प्रयोग नव्यानं केला. एक घास. डोळे मिटले.

"न्हाई. त्या चवीला न्हाई आलं."

तरी भाऊजींचं लग्न आत्याबाईंनी मनावर घेतलं होतं. जवळपासची कुणी मुलगी देईना, म्हणून तासगावकडचं स्थळ काढलं. मुलीचे वडील आणि चुलते आले. चांगली माणसं होती. मी पुरणपोळी केली होती, ओसरीवर पानं मांडली होती. मालकांनी भाऊजींना आदल्या दिवशीच बजावलं होतं, "जेवढं ईचारत्याल तेवढंच बोल."

चुलत्यांच्या कानावर काहीतरी आलं असावं. भाताचा पहिला घास घ्यायच्या आधी ते हसत म्हणाले, "पाव्हणं, लोक कायबाय बोलत्यात. तुमी सांगा म्हंजी इषय मिटला. पलटणीत तुमी ज्ये खाल्लं त्ये कशाचं हुतं?"

मी दाराआड तुपाची वाटी घेऊन उभी होते. मालक घाईनं म्हणाले, "बकऱ्याचं वं! दुसरं काय आसनार?"

चुलते भाऊजींकडेच बघत राहिले. भाऊजींनी ताटाकडे बघितलं. "मला ठावं न्हाई," ते म्हणाले. "बकऱ्याचं आसंल. नसंल बी."

पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं, तांब्यातलं पाणी हातावर घेतलं आणि न जेवताच उठले. भरलेली पानं तशीच राहिली. वाढलेल्या पानावरून पाहुणा उठून जावा, याहून मोठी नामुष्की आमच्या भागात नाही. आमचे मालक त्यांना वेशीपर्यंत पोचवायलाही जाऊ शकले नाहीत. ते वळले आणि ओरडले, "येक शबुद खोटं बोलाय येत न्हाई व्हय रं तुला?"

"दादा," भाऊजी हळू म्हणाले, "पोरगी द्याया आलती ती मानसं. त्यास्नी फसवायचं?"

आणि उठून गोठ्यामागं गेले.

तिसऱ्या प्रहरी आत्याबाई त्यांच्यामागं गेल्या. मी वैरण काढायच्या निमित्तानं पलीकडे होते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. आत्याबाई दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "गणू, काय खाल्लंस रं तितं? मी आई हाय तुजी. सांग."

भाऊजी एकदम बोलायला लागले. डोंगरात होते. बर्फ पडलं होतं, वाट बंद झाली होती, खेचरं वर येईनात, कित्येक दिवस पोटात काही नव्हतं. खाली उतरले तेव्हा दुसऱ्या पलटणीत स्वयंपाक करणारा एक लांगरी भेटला, अमेरिकेचा. "आपल्याहून काळा, आये. ह्यो येवढा उंच. पिंपात पानी उकळत हुतं, त्यातनं काढून पावात घालून द्याचा आन् हसायचा. हाटडाग, हाटडाग म्हनायचा. माजा हात थंडीनं वळंना, तर त्येनं माज्या तोंडात घास घातला, लेकराला घालावा तसा."

"मग?"

"माज्याबरोबरच्या पोरांनी न्हाई खाल्लं. म्हनली, कशाचं काय ठावं. ती उपाशी ऱ्हायली, आये. म्या येकट्यानं खाल्लं. आन् मागून घिऊन आनिक खाल्लं. त्येला ईचारलं कशाचं हाय, तर त्यो काय बोलला मला कळलं न्हाई. तवापासनं देवळात पाय न्हाई टाकला म्या. बकऱ्याचं करून बघतोय. जर का तीच चव आली, तर तितलं बी बकऱ्याचंच आसंल की न्हाई? पर येत न्हाई ती चव."

वैरणीची पेंढी माझ्या हातातच राहिली. एवढे दिवस आम्ही सगळे आमच्या अब्रूसाठी मान खाली घालून फिरत होतो. भाऊजी मात्र गोठ्यामागं एकटे बसून, एकेक घास चावून, स्वतःचीच झडती घेत होते.

आत्याबाई म्हणाल्या, "मला कर."

"आं?"

"त्येनं दिला तसा. पावात. मला खाऊन बघू दे."

भाऊजींनी चूल पेटवली. आदल्या बाजाराचं भरून, धुरावर टांगून ठेवलेलं होतं. वाफेवर धरलं, निखाऱ्यावर भाजलं, शिळा पाव गरम केला, मोहरी लावली. आत्याबाईंनी जन्मात पाव तोंडात घातला नव्हता. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि सावकाश, एक कणही न टाकता, सगळा खाल्ला. भाऊजी त्यांच्या जबड्याकडे बघत बसले होते.

आत्याबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "त्ये बकऱ्याचंच हुतं."

"आये, ह्ये बकऱ्याचं हाय. म्या केलंय. तितलं..."

"तितलंच सांगतीया. मीठ आन् धूर येगळा, म्हून तुला येगळं लागतंय. इतकी वर्सं बकरं शिजीवतीया मी, तू मला शिकीवतूस? त्ये बकऱ्याचंच हुतं. ऊठ आता."

भाऊजी उठले नाहीत. त्यांनी आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. चांगला मिशा फुटलेला पलटणीतला गडी हमसून हमसून रडला. आत्याबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

एक गोष्ट भाऊजींना माहीत नव्हती. बर्फाच्या त्याच दिवसांत त्यांची पत्रं बंद झाली होती, तेव्हा आत्याबाईंनी गावच्या देवीपुढं पदर पसरला होता. पोरगं माघारी येऊ दे, पुन्हा जन्मात मटण तोंडाला लावणार नाही. घरात मी आणि मालक दोघांनाच हे ठाऊक होतं. पुरुषांची पंगत उठल्यावर आम्ही बायका जेवायचो, त्यामुळे आईच्या ताटात काय असतं ते भाऊजींनी कधी पाहिलं नव्हतं.

आत्याबाई गोठ्यामागून परत आल्या तेव्हा मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी चुळा भरल्या आणि माझ्याकडे रोखून बघितलं. "तू कायबी बगितलं न्हाईस." मी मान हलवली. मग जरा थांबून म्हणाल्या, "हाताला चव हाय गं पोराच्या."

पुढच्या उन्हाळ्यात भाऊजींचं लग्न झालं. मुलीचे वडील स्वतः पलटणीत राहिलेले. त्यांनी काहीच विचारलं नाही, उलट विहिणींच्या पंगतीआधी आपल्याला एकदा तो हाटडाग खायला घाला म्हणाले. भाऊजी हसत होते. मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

वरात देवीच्या देवळाशी आली. नवरा-नवरी पायातलं काढून गाभाऱ्यात गेली. आम्हीही निघालो. आत्याबाई तेवढ्या पायरीखाली थांबल्या आणि बाहेरूनच हात जोडले.

आतून भाऊजींनी हाक मारली, "आये, ये की आत!"

"जावा तुमी," आत्याबाई म्हणाल्या, "माजं गुडघं दुखत्यात."

मी आत गेले नाही. त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.