शेजूळ काकांचं साउंड कार्ड

शेजूळ काका कुणाच्या घरात शिरले की आधी माणसांना भेटत नाहीत, फ्रिजला भेटतात. खिशातून पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर काढायचा, त्याचं टोक फ्रिजच्या मागच्या काळ्या डब्याला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. दुसरा हात वर. हात वर म्हणजे घरातल्यांनी बोलायचं नाही, भांडं ठेवायचं नाही, श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. मग डोळे उघडून म्हणणार, "अजून दोन उन्हाळे काढंल." एवढं झाल्यावर, "काय मंदाबाई, बरं हाय ना?"

बरं आहे म्हणायला मी तोंड उघडेपर्यंत ते मिक्सरपाशी गेलेले असतात.

मुकुंदवाडीत त्यांची आणि आमची मधली भिंत एक आहे. काका वाळूजच्या एका कारखान्यात मशीन दुरुस्त करणारे फिटर होते. तिथं पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढणारे मोठाले प्रेस होते. मशीनचं कुठं दुखतंय हे काका कानानं सांगायचे आणि इंजिनियर लोक मापंबिपं घेऊन चार दिवसांनी तेच सांगायचे, असं काकांचं म्हणणं. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी कंपनीच्या बसची वेळ झाली की ते दाढी करून तयार असतात. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "माणूस लपवतं, मशीन सांगतं."

मुलासाठी पडेगावला मुलगी बघायला गेले होते तेव्हाची गोष्ट काकू अजून कपाळाला हात लावून सांगतात. मुलगी पोह्याचा ट्रे घेऊन बाहेर आली तर हे खिडकीशी, कूलरला स्क्रू ड्रायव्हर लावून, हात वर. सगळे पाहुणे चिडीचूप. मुलगी दारातच उभी. शेवटी मुलीच्या वडलांनी विचारलं, "पाहुणे, पोरगी कशी वाटली?"

"पोरगी चांगली हाय. कूलरचा पंप बदला."

सोयरीक काही जुळली नाही. पंप मात्र त्यांनी बदलला म्हणे.

काकूंचीही एक सवय आहे. काकांना काही सांगायचं असलं की त्या त्यांच्याभोवती फेरा घालून डाव्या अंगाला येतात आणि मगच बोलतात. मला वाटायचं, लग्नात डावीकडं बसवलं तेव्हापासून ही सवय लागली असेल.

मी फारशी बोलत नाही. चार माणसांत तर माझा आवाजच निघत नाही. काकांना हे फार पसंत आहे. "तुमच्यासारखं ऐकणारं माणूस घावत नाय, मंदाबाई. बाकीचे नुसते वाजत राहतेत," असं म्हणून जगातला कुठलाही विषय ते माझ्या शिलाई मशीनपाशी येऊन बोलतात. त्यातूनच हे साउंड कार्ड माझ्या मागं लागलं.

त्यांचा मुलगा विशाल नोकरीसाठी पुण्याला गेला, आणि त्याचा कॉम्प्युटर आणि मोठे हेडफोन इथंच राहिले. रिटायर व्हायच्या आधी काकांनी आपल्या सगळ्या मशीनचे आवाज मोबाइलवर भरून घेतले होते. ते विशालनं कॉम्प्युटरमध्ये टाकून दिले. दुपारी जेवण झालं की लोक कीर्तन ऐकतात, काका मशीन ऐकायचे. सगळ्यात लाडका सात नंबरचा प्रेस.

एक दिवस त्यांनी येऊन जाहीर केलं, "कॉम्प्युटर बिघडला. आवाजाच्या मागं एक बारीक सूं येतो. आतलं कार्ड गेलं."

विशालनं फोनवर सांगितलं, की बाहेरून लावायचं छोटं साउंड कार्ड मिळतं, हेडफोनपुरतं तेवढं बास, घेऊन टाका. ही वस्तू पेनड्राइव्हएवढी असते. एक टोक कॉम्प्युटरमध्ये घालायचं, दुसऱ्या बाजूच्या भोकात हेडफोनची पिन. कॉम्प्युटरच्या पोटातल्या आवाजात जी खरखर मिसळते ती मग कानापर्यंत येत नाही. एवढं मलासुद्धा कळलं. काकांना यापुढचं सगळं कळून घ्यायचं होतं.

त्यांनी लांब वही केली. रेघा मारून रकाने पाडले. हेडफोनच्या पिनेला मीटर लावून बत्तीस ओहम लिहिले. "कार्डाला एवढं ओढायची ताकद पायजे. नायतर बैल लहान आन् गाडी मोठी." हजाराच्या आतली कार्डं शोधता शोधता तीन उरली. त्यांना त्यांनी नावं दिली होती, बुटकं, शेपटीचं आणि बटणाचं.

"बुटकं सगळ्यात स्वस्त हाय. पण लोक लिव्हतेत, तासाभरात गरम होतं. शेपटीचं लई नाजूक वाजतं म्हणं, पण त्याची पिन मोबाइलची, आपल्या कॉम्प्युटरला जोडणी लागंल. जोडणी आली की लूज आलं. बटणाचं बरं हाय, आवाज कमीजास्त करायचं चाक हाय वर. पण चाक हाय म्हंजे चाक झिजंल. काय करावं?"

मी मान हलवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा बुटक्यापासून सुरू.

असे पाच महिने गेले. एकदा काकू भिंतीपलीकडून ओरडल्या, "मला बघायला आले तवा पाव तासात व्हय म्हणले! डबीएवढ्या वस्तूला पाच महिने?"

"तवा रकान्यात एकच नाव होतं," काका म्हणाले.

मला अस्तराचं कापड आणायचं होतं, म्हणून एकदा मी त्या दोघांबरोबर पैठण गेटच्या बाजारात गेले. कॉम्प्युटरच्या दुकानदारानं बुटकं कार्ड पुढं टाकलं. काकांनी आधी पंखा बंद करायला लावला. मग गिऱ्हाइकांकडं बघून हात वर केला आणि स्क्रू ड्रायव्हर काढून कार्डाला टेकवला.

"इसमें तो कुछ घूमताच नहीं," ते म्हणाले.

"चाचा, साउंड कार्ड है, आटे की चक्की नहीं," दुकानदार म्हणाला. "लाओ, हेडफोन दो. अभी लगाके सुना देता. पसंद आया तो लेना."

हेडफोन काकांच्याच पिशवीत होते. पण त्यांनी पिशवी पोटाशी धरली आणि घाईघाईनं म्हणाले, "आज नको. अमावस्या हाय." आणि दुकानाची पायरी उतरलेसुद्धा. काकू आणि मी मागं पळालो.

घरी येऊन मी कॅलेंडर बघितलं. अमावस्येला नऊ दिवस होते.

त्याच आठवड्यात माझं मशीन आवाज करायला लागलं. ब्लाउज, पिको, फॉल यावर आमचं बरंच काही चालतं, आणि लग्नाचे कपडे पुढ्यात पडलेले. चाक फिरवलं की खालून एक बारीक किर्र यायची, दात आंबावेत तशी. मी काकांना बोलावलं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर लावला, डोळे मिटले. मी चाक फिरवलं. किर्र. पुन्हा फिरवलं. किर्र. काका नेहमीपेक्षा फार वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "ठणठणीत हाय."

आणि फ्रिजकडं न बघता निघून गेले.

मी मशीनपुढं बसून राहिले. किर्र आमच्याकडं राहणाऱ्या माझ्या मावशींना पलीकडच्या खोलीत ऐकू येत होती, आणि ज्यांच्या कानाचं अख्ख्या गल्लीला कौतुक त्यांना आली नव्हती. त्यानंतर माझं लक्षच लागेना. भिंतीपलीकडं काही पडलं तरी मी दचकायची. हे कुणाला सांगावं का, आणि सांगायचं तर कसं? "काकू, काकांना ऐकू येत नाही" हे पाच शब्द मी शिवता शिवता मनात किती वेळा म्हणून बघितले. काकू समोर आल्या की मी विचारायची, "साखर आहे का?" आमच्या घरात त्या महिन्यात साखरेचे चार डबे झाले.

मग जालना रोडला ते घडलं. मी भाजी घेत होते. काका सायकलवर, रस्त्याच्या मधून, अगदी सावकाश. मागं बस हॉर्नवर हॉर्न देतेय. एकजण ओरडला, "ओ काका, कान भाड्यानं दिले का?" काकांना काहीच नाही. समोरचा फळवाला दोन्ही हात हलवत पुढं आला तेव्हा त्यांनी सायकल कडेला घेतली. बस त्यांच्या बाहीला वारा लावून गेली. काकांनी वर बघितलं ते नेमकं माझ्याकडं. मी भेंडीच्या पिशवीत बघितलं.

पुढं दोन दिवस ते आमच्या फ्रिजला भेटायला आले नाहीत.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण काकूंनी कार्डाचं हे गुऱ्हाळ विशालला फोनवर बोलून दाखवलं आणि त्यानं वडलांना न विचारता पुण्याहून बटणाचं कार्ड पाठवून दिलं. खोकं आलं. चार दिवस ते टीव्हीवर, विणलेल्या रुमालाखाली तसंच. काकू म्हणाल्या, "नारळ फोडायचा का आता?" पाचव्या दिवशी दुपारी भिंतीवर टकटक झाली. "मंदाबाई, जरा येता का?"

मी गेले. काकांनी मला कॉम्प्युटरपुढं बसवलं, हेडफोन माझ्या कानावर नीट बसवले आणि स्वतः टेबलामागं वाकून वायरी चाचपू लागले. मग वही आणि पेन घेऊन समोर उभे राहिले. एका कानावरचा हेडफोन मला थोडा सरकवायला सांगितला, म्हणजे त्यांचं बोलणं ऐकू यावं.

"आता सांगा. सूं येतो का?"

मी ऐकलं. आत काहीच नव्हतं. इतकं काहीच नव्हतं की माझ्या बांगडीचा आवाज मोठा वाटला. सूं नाही, खरखर नाही, स्वच्छ. नाही म्हणाले असते तर कार्ड चांगलं, कॉम्प्युटर चांगला, आणि मग उरलं काय? काका पेन धरून माझ्या तोंडाकडं बघत होते.

"येतो," मी म्हणाले. "थोडासा."

"कसा येतो?"

"बारीक."

"नव्या कार्डातबी?"

"हो. नव्या कार्डातही."

काकांनी वही खाली ठेवली. वहीआड धरलेला हात पुढं केला. त्यांच्या चिमटीत हेडफोनची पिन होती. ती त्यांनी कुठंच लावली नव्हती.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण काका रागावले नव्हते. ते पलंगाच्या कडेला बसले.

"फिटरचा नियम हाय, बाई. शंका आली की आधी वायर काढून बघायची. मी पयल्याच दिवशी काढून बघितली. वायर काढली, हेडफोन काढले, कॉम्प्युटर बंद केला. तरी सूं चालूच." त्यांनी कानामागं बोट लावलं. "हितं. झोपंतून उठलं तरी हितंच. कार्ड आणलं नव्हतं तवर दोष कॉम्प्युटरचा होता. म्हणून नव्हतो आणत."

त्यांनी पिन बोटांत फिरवली.

"कंपनीनं कानात घालायला बोंडं दिली होती. दर साली नवी द्यायचे. मी म्हणायचो, कान झाकून मशीन कसं ऐकायचं? सगळी ड्रॉवरमधी तशीच." मग जरा थांबून, "तुमचं मशीन त्या दिवशी बरं नव्हतं. व्हय ना?"

"नव्हतं."

"तुमच्या तोंडावर दिसत होतं. कसं वाजतं?"

मी हळूच म्हणाले, "किर्र."

"मोठ्यानं."

"किर्रर्र!" मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या घरात बसून मी इतक्या मोठ्यानं काही बोलले असेन.

काकांनी डोळे मिटले. "वरून का खालून?"

"खालून. चाक अर्धं फिरलं की."

"शटलमधी दोरा गुतलाय. सोडवा आन् दोन थेंब तेल टाका." डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला होता, पंप बदला म्हणतानाचा.

मग ते उठले आणि पिन कार्डात लावली. कॉम्प्युटरवर शोधून काहीतरी सुरू केलं. "सात नंबर," म्हणाले. "ह्याचा धम्म मला येतो अजून. पण धम्मच्या मागं हवा सुटते. श्श अशी. लई बारीक. ती माझ्या सूंमधी बुडाली. मला एवढंच सांगा, ती हाय ना?"

मी दोन्ही कान नीट झाकले. धम्म झालं, छातीत बसलं. मी श्वास धरला. आणि त्याच्या मागं खरंच, कुणी डोक्यावरचं ओझं खाली ठेवून दम सोडावा तसं, श्श.

"आहे," मी म्हणाले.

"खरं सांगताय?"

"वायर लावलीय ना आता?"

काका हसले. काकू चहा घेऊन आल्या. पलंगाला वळसा घालून त्या काकांच्या डाव्या अंगाला गेल्या, तिथं कप ठेवला, वाकून डाव्या कानाशी मोठ्यानं आणि सावकाश म्हणाल्या, "चहा." माझ्याकडं एकदा बघितलं आणि परत गेल्या. महिनाभर मी उगीच साखर मागत होते.

चहा तसाच राहिला. काका पुन्हा बसले आणि म्हणाले, "येईल तवा म्हणत जावा." मी म्हणत गेले. श्श. श्श. हेडफोन माझ्या कानावर होते, त्यांना प्रेसचं काहीच ऐकू येत नव्हतं. पण दर वेळी पुढचा धम्म व्हायचा त्याच क्षणाला त्यांचं बोट गुडघ्यावर पडत होतं, एकदाही न चुकता.