चोरीचीच राहू द्या

सासूबाईंची गाडी घेऊन जावई दवाखान्याकडे निघाला, तेव्हा मागच्या सीटवर दुपटी आणि टोपडी नीट घड्या घालून ठेवलेली होती. बाळ झालं त्या वेळी तो दुकानात कुणाच्या तरी चष्म्याला काचा बसवत राहिला होता. काल बायको शांतपणे म्हणाली, "घरी न्यायला तरी वेळेवर या." ते त्याला चांगलंच लागलं होतं.

पुलाखाली पोलिसांनी हात केला. हवालदाराने गाडीचा नंबर हातातल्या यंत्रात घातला, यंत्राकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं आणि किल्ली काढून घेतली.

"गाडी चोरीची आहे."

"सासूबाईंची आहे."

"म्हणजे त्यांचीच चोरलीत."

चौकीतल्या बाकावर बसल्यावर त्याला उलगडा झाला. मागे एकदा सासूबाई दुपारच्या झोपल्या असताना, त्यांना बरं वाटावं म्हणून त्याने गाडी गुपचूप धुवायला नेली होती. जाग आल्यावर गाडी दिसेना, तशी त्यांनी पोलिसांत तक्रार केली. गाडी चकचकीत होऊन परतल्यावर त्यांनी पुन्हा फोन केला. पलीकडचा पोलीस पोटभर हसला, काळजी करू नका म्हणाला. हसण्याच्या भरात कॉम्प्युटरला सांगायचं तेवढं राहून गेलं.

निरोप मिळताच सासूबाई रिक्षाने आल्या. जन्मभर मुख्याध्यापिका. हवालदार आपोआप उभा राहिला. यांना ओळखता का, असं त्याने विचारल्यावर त्यांनी जावयाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"आमचे जावई आहेत," त्या म्हणाल्या. "विचारून न्यावं एवढं कळत नाही, पण चोर नाहीत."

जावई सुटला, गाडी अडकली. हवालदार मनाने चांगला होता, त्याने खरं ते सांगितलं. तक्रार खोडायचा अधिकार वरच्या कचेरीचा. इथून फक्त 'गाडी मिळाली' एवढंच भरता येतं. आणि मिळालेली गाडी कोर्टाचा हुकूम येईपर्यंत मागच्या आवारात उभी राहते. सासूबाईंनी खिडकीतून आवारात पाहिलं. तिथल्या गाड्यांवर वेली चढल्या होत्या, एका टपावर मांजर व्यायली होती.

जावई अजिजीने म्हणाला, की बायकोचे टाके अजून ओले आहेत, डॉक्टरांनी रिक्षाचे धक्के नकोत म्हणून बजावलंय, आणि ती आता आवरून बसलेली असेल.

"आणि 'मिळाली' असं भरलंच नाही तर?" सासूबाईंनी विचारलं.

"तर ती अजून चोरीलाच गेलेली आहे, बाई." हवालदाराने आवाज खाली आणला. "सापडलेली गाडी हलत नाही. चोरीची कुठेही फिरते. राहू द्या चोरीचीच. पण पुढच्या नाक्यावर हे गाडीत दिसले, तर यांना पुन्हा धरतील, हे बघा." एवढं बोलून किल्ली टेबलावर ठेवून तो चहाला गेला.

सासूबाईंनी किल्ली उचलली.

"जावईबापू, मागे बसा. आणि खाली वाका."

दवाखान्याच्या दारात बायको बाळाला घेऊन उभी होती. गाडी वेळेवर आली. स्टिअरिंगवर आई होती, आणि मागे दुपट्यांखालून नवऱ्याची चप्पल दिसत होती.

"हे असे का झोपलेत?"

"चोरीची गाडी आहे," आई म्हणाली. "दार हळू लाव, बाळ उठेल."